पाऊस, माणसं आणि कुंभाराचं गाढव

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, "सर, तुम्ही परिसर, परिसंस्था, अन्नसाखळी हे सगळं छान समजावलंत. पण शेवटी प्रश्न एकच आहे ना? माणसं जास्त झाली. लोकसंख्या आटोक्यात आणा, बाकी सगळं आपोआप सुटेल." आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. चहा थंड होत होता, म्हणून मी "पुढच्या वेळी बोलू" म्हणून सुटका करून घेतली. आज ते उसनं फेडायचं आहे.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, परिसरशास्त्राचा नव्हे. पण या शास्त्राचं नाव मला पहिल्यापासून आवडतं. १८६६ साली अर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 'इकॉलॉजी' हा शब्द घडवला, तो ग्रीक 'ऑइकोस' म्हणजे घर या शब्दावरून. 'इकॉनॉमी'मध्येही तेच घर आहे. एकाच घरातले हे दोन भाऊ पुढे वेगळे राहायला लागले, आणि त्यांचं भांडण काय होतं ते बघायचं तर दख्खनमध्ये १८७६ सालाकडे जावं लागतं. पाऊस आणि लोकसंख्या हे दोन्ही विषय त्या एका वर्षात असे काही गुंतले आहेत, की आज सगळी चर्चा मी त्याच्याच भोवती फिरवणार आहे.

आधी पाऊस. शाळेत आपण शिकलो की उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरची ओलसर हवा तिची जागा घ्यायला येते. एडमंड हॅलीने, हो, तोच धूमकेतूवाला, १६८६ साली साधारण हेच सांगितलं होतं. पृथ्वीचं फिरणं, हिमालय आणि तिबेटचं पठार, वरच्या थरांतले वारे ही भर पुढच्या लोकांनी घातली. आपल्याकडे या गोष्टीत सह्याद्री उभा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाट उतरून वाईला या, तो सात-आठशेवर येतो. आणखी पूर्वेला आमच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. 'पडला तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सरासरी पाचशे म्हणजे दर वर्षी पाचशे नव्हे. जिथे पाऊस कमी, तिथे त्याचा लहरीपणा जास्त, हा जगभरचा नियम आहे. माणदेशातला शेतकरी सरासरीवर जगत नाही, तो त्या-त्या वर्षावर जगतो. म्हणून त्याची जुनी शेती त्या लहरीला धरूनच बसवलेली होती: बाजरी, मटकी, हुलगा, शेळ्यामेंढ्या, पेवात साठवलेलं धान्य, आणि काहीच जमलं नाही तर गाव सोडून 'जगायला' बाहेर पडणं. हा 'जगायला जाणे' शब्दप्रयोग आमच्याकडे अगदी सहज वापरतात. त्यात केवढा इतिहास भरला आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आता एक भाषेची गोष्ट. मराठीत पाऊस पडला नाही तरी 'दुष्काळ' म्हणतात आणि माणसं भुकेने मेली तरी 'दुष्काळ'च म्हणतात. पहिल्यासाठी 'अवर्षण' असा चांगला शब्द आहे, पण तो सरकारी कागदात राहिला. दोन वेगळ्या गोष्टींना एक नाव पडलं की विचार घसरतो. अवर्षण झालं, म्हणून माणसं मेली, असं आपण एका श्वासात बोलून जातो आणि त्या 'म्हणून'कडे कोणी बघत नाही. आज मला त्या 'म्हणून'विषयीच बोलायचं आहे.

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस फसला. नगर, पुणे, सोलापूर, सातारा, विजापूर, खाली मद्रास इलाखा, म्हैसूर, निजामाचा मुलूख, सगळीकडे. पुढच्या वर्षी, १८७७ मध्ये, देशभर पाऊस इतका कमी झाला की १८७१ पासूनच्या मोजणीत त्याहून कोरडा पावसाळा सापडत नाही. त्याच सुमारास प्रशांत महासागरात फार जबरदस्त 'एल निन्यो' होता, आणि चीनमध्ये आणि ब्राझीलमध्येही पिकं करपली होती. म्हणजे निसर्गाचा वाटा खरा आणि मोठा होता, हे मी आधीच मान्य करतो.

पण ज्या जमिनीवर हा पाऊस पडला नाही, तिची आधीची दहा-पंधरा वर्षं बघा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ दरम्यान कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी ज्वारीच्या रानात कापूस लावला. युद्ध संपलं, भाव कोसळले, सारा मात्र वाढलेलाच राहिला. तो रोखीत आणि ठरलेल्या तारखेला भरायचा, पीक येवो न येवो. त्यासाठी सावकार, सावकारासाठी खत, खतामागून कोर्टाची जप्ती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली खतं बाहेर काढून जाळली आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. म्हणजे अवर्षणाच्या एक वर्ष आधीच पेवं रिकामी आणि माणसं कर्जात. आणि आगगाडी? आगगाडी आली की जिथे धान्य आहे तिथून ते जिथे नाही तिथे जाईल, असं सगळ्यांना वाटत होतं. मुंबईहून निघालेला रेल्वेमार्ग १८७१ पर्यंत सोलापूरवरून रायचूरला पोहोचलाही होता. पण धान्य भुकेकडे जात नाही, भावाकडे जातं. ज्याच्या हातात पैसा नाही त्याची भूक बाजाराला दिसत नाही. त्याच काळात हिंदुस्थानातून गहू विलायतेला जातच होता. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हे शास्त्रशुद्ध मांडलं: अन्न 'असणं' वेगळं आणि अन्नावर 'हक्क पोहोचणं' वेगळं.

आता माल्थस. थॉमस रॉबर्ट माल्थस हा इंग्लंडमधला धर्मोपदेशक. त्याने १७९८ मध्ये लोकसंख्येवरचा निबंध लिहिला. लोकसंख्या गुणाकाराने वाढते, अन्न बेरजेने. एकाचे दोन, चार, आठ, सोळा. अन्न मात्र एक, दोन, तीन, चार. पंचवीस वर्षांनी दुप्पट असा हिशेब धरला तर दोनशे वर्षांनी माणसं २५६ आणि अन्न ९. मग रोगराई, उपासमार, युद्ध ही त्या वाढीला निसर्गाने घातलेली वेसण. युक्तिवाद दिसायला निखळ गणिती. डार्विनला १८३८ मध्ये हे पुस्तक वाचताना नैसर्गिक निवडीचा धागा सापडला, म्हणजे त्याची ताकद नाकारण्याचं कारणच नाही.

पण आपल्याकडे फारसं बोललं जात नाही ते असं, की हा माल्थस १८०५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८३४ पर्यंत, ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात प्राध्यापक होता! हेलीबरीला. हिंदुस्थानात राज्य करायला येणारी पोरं त्याच्यासमोर बसून अर्थशास्त्र शिकली. पन्नास-साठ वर्षं तिथून माणसं येत राहिली आणि सामानासोबत हा विचारही आणत राहिली. १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने, हिंदुस्थानातली लोकसंख्या जमिनीतून पिकणाऱ्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, अशा अर्थाचं प्रतिपादन केलं, तेव्हा त्याला त्यात क्रौर्य वाटलं नसणार, शास्त्र वाटलं असणार. त्या वर्षीच्या १ जानेवारीला त्याने दिल्लीत मोठा दरबार भरवला होता. इकडे दख्खनमध्ये लोक पाला उकडून खात होते.

सर रिचर्ड टेंपल या गृहस्थाची कथा मात्र तपशिलाने सांगतो, कारण सगळा पुरावा तिच्यात आहे. हाही हेलीबरीचाच विद्यार्थी, माल्थसच्या मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांनी तिथून बाहेर पडलेला. १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये पाऊस फसला तेव्हा तिथली व्यवस्था त्याच्याकडे होती. त्याने ब्रह्मदेशातून साडेचार-पाच लाख टन तांदूळ आणवला, गावोगावी कोठारं केली, कामं काढली. भुकेने जवळजवळ कोणी मेलं नाही. आता अशा माणसाचा सत्कार व्हायला हवा होता. पण झाली टीका! खर्च फार केला, धान्य उरलं, लोकांना आयतं खायची सवय लावली. टेंपल तो धडा शिकला. जानेवारी १८७७ मध्ये लिटनने त्याला दख्खनकडे पाठवलं, तेव्हा त्याने ठरवलं की यावेळी काटकसरीत कमी पडायचं नाही. दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे. दिवसभर खडी फोडायची आणि एवढ्यावर राहायचं. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी आकडे मांडून सांगितलं की एवढ्यात कष्ट करणारा माणूस टिकत नाही. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामावरून उठून जाणं पत्करलं. उपाशी माणसांचा संप, कल्पना करा. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावची हकिकत गोळा करून सरकारपुढे ठेवली. मद्रासेत पुढे हे प्रमाण वाढवावंही लागलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. नंतरच्या अधिकृत अंदाजाप्रमाणे त्या दुष्काळात केवळ ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली. सोलापूर जिल्ह्याची १८७२ ची शिरगणती आणि १८८१ ची शिरगणती शेजारी ठेवा. जवळपास पाचवा हिस्सा माणसं कमी दिसतात. काही मेली, काही जगायला गेली ती परत आली नाहीत.

बिहारमध्ये पाऊस फसला, माणसं जगली. दख्खनमध्ये पाऊस फसला, माणसं मेली. माणूस तोच, टेंपल. दाटीच म्हणाल तर ती दख्खनपेक्षा बिहारमध्ये कितीतरी जास्त. मग कारण कशाला म्हणायचं?

इथे मी माझ्या शास्त्राकडे वळतो, क्षमा करा. आपल्या न्यायदर्शनात कारणाची व्याख्या फार काटेकोर केली आहे. जे कार्याच्या आधी नेमाने असतं आणि जे 'अन्यथासिद्ध' नसतं, ते कारण. अन्यथासिद्ध म्हणजे, आधी असतं खरं, पण त्याच्यावाचून अडत नाही. नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण कुंभाराच्या गाढवाचं. मडकं घडण्याआधी गाढवाने माती वाहून आणली हे खरं. पण माती डोक्यावरूनही आणता आली असती. म्हणून गाढव मडक्याचं कारण नाही. दुसरं उदाहरण याहून सूक्ष्म आहे: आकाश. मडकं घडण्याआधी आकाश असतंच. पण ते सगळ्याच्याच आधी असतं, मडकं न घडण्याच्या आधीही. जे सगळीकडे आहे ते एखाद्या विशिष्ट गोष्टीचं कारण म्हणून सांगण्यात अर्थ नाही.

१८७६ च्या दुष्काळात अवर्षण म्हणजे माती. मातीशिवाय ते मडकं घडलं नसतं, हे कबूल. पण माती आपणहून मडकं होत नाही. चाक, दांडा आणि कुंभार लागतो. साऱ्याची सक्ती, कर्ज, उघडा बाजार, एक पौंडाची मजुरी. (१९४३ मध्ये बंगालात तर कुंभाराने मातीही दुसरीच वापरली, युद्धाची आणि भाववाढीची. तिथे १८७७ सारखं अवर्षण नव्हतं.) आणि लोकसंख्या? ती या उदाहरणातलं आकाश आहे. ती बिहारमध्येही होती, दख्खनमध्येही होती.

आता आकड्यांकडे या. १८८१ मध्ये अखंड हिंदुस्थानची लोकसंख्या होती सुमारे २५ कोटी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन भयंकर दुष्काळ, वर प्लेग; १९०१ मध्ये ती २९ कोटींच्या थोडी पुढे, म्हणजे रांगत चाललेली. आजच्या भारताच्या हद्दीपुरतं बोलायचं तर १९११ मध्ये २५ कोटी २१ लाख आणि १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख. दहा वर्षांत घटच. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ मध्ये आली, तिने एक कोटीहून जास्त माणसं नेली. त्याच साली पाऊसही फसला होता, हे लक्षात ठेवा, अर्धपोटी शरीरात ताप शिरला. आमची आजी त्या साथीला 'मानमोडी' म्हणायची. तिचे दोन भाऊ एका आठवड्यात गेले. एकाला पोचवून येईपर्यंत दुसऱ्याला ताप चढला होता, एवढंच ती सांगायची आणि मग जात्यावरचं पीठ गोळा करायला लागायची.

१९२१ नंतर मात्र आकडा कधी खाली आला नाही. १९५१ मध्ये ३६ कोटी, १९७१ मध्ये ५५ कोटींच्या जवळ, २०११ मध्ये १२१ कोटी. म्हणजे हिशेब उलटा आहे. माणसं २५ कोटी होती तेव्हा लाखोंनी भुकेने मरत होती. शंभर कोटींच्या पुढे गेली तेव्हा तसे दुष्काळ पडत नाहीत. माझ्या त्या चहावाल्या मित्राला मी एवढंच विचारीन, की लोकसंख्या हेच कारण असेल तर हे असं कसं?

योगायोग बघा, त्याच १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. गणिताचा प्राध्यापक, पुढे याच कामापायी नोकरी गेली, १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, खटले अंगावर घेतले. त्यांच्या विचारात बाईच्या शरीराला आणि तिच्या सुखाला जागा होती. म्हणून मी संततिनियमनाच्या बाजूचा आहे आणि माल्थसच्या विरुद्ध आहे, यात मला विसंगती वाटत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात दर बाईमागे सरासरी मुलं १.७ होती, देशात २.०. म्हणजे पुढच्या पिढीला जागा भरण्यापुरतीही नाहीत. हे उपासमारीने झालं नाही. मुली शिकल्या, जन्मलेली मुलं जगायला लागली, म्हणून झालं.

परिसरशास्त्रात 'धारणक्षमता' नावाची संकल्पना आहे. १८३८ मध्ये बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टने माल्थसचं गणित सुधारलं: वाढ सुरुवातीला वेगाने होते, मग जागा आणि अन्न अपुरं पडायला लागलं की मंदावते आणि एका मर्यादेला टेकते. बरणीतल्या माशांना हे छान लागू पडतं. १९२० मध्ये रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी तेच गणित अमेरिकेला लावलं आणि सांगितलं की तिथली लोकसंख्या सुमारे १९ कोटी ७३ लाखांवर थांबेल. पन्नास वर्षं व्हायच्या आत ती मर्यादा मागे पडली. कारण बरणी आणि बरणीतलं अन्न माशी बदलत नाही, माणूस बदलतो. सुधारतो असं म्हणत नाही हं मी, बदलतो.

हे आपल्याकडे कोणाला कळलं होतं? मला विचाराल तर जोतीरावांना. १८८३ मध्ये पूर्ण झालेला 'शेतकऱ्याचा असूड' आपण सामाजिक ग्रंथ म्हणून वाचतो. एकदा परिसरशास्त्राचा ग्रंथ म्हणून वाचा. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेल्या जनावरांचं कुजलेलं सत्त्व पावसाबरोबर खाली वाहत येतं आणि रानाला कस देतं. जंगलखात्याने डोंगर आणि कुरणं बंद केली, शेळ्यामेंढ्या उपाशी पडल्या, खत गेलं. माणसं वाढली म्हणून जमीन पडीक टाकून तिला विसावा देणं जमेना. यावर उपाय म्हणून ताली, बंधारे घालून पाणी शिवारातच मुरवा. पाहा, लोकसंख्येचा उल्लेख त्यांनीही केला आहे, पण साखळीतली एक कडी म्हणून. आणि हा माणूस ग्रंथ लिहून थांबला नव्हता. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं होतं.

पावसाचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं. पहिले प्रमुख ब्लॅनफोर्ड. त्यांनी हिमालयातल्या बर्फाचा आणि पावसाचा संबंध मांडला. त्यांच्यानंतरचे इलियट यांनी १८९९ मध्ये पाऊस चांगला होईल असं भाकीत केलं आणि त्या वर्षी भीषण अवर्षण झालं. १९०४ मध्ये खात्याची सूत्रं गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. हे केंब्रिजचे गणिती; हवामानशास्त्र शिकलेले नव्हते, बासरी आणि बूमरँग यांचे शौकीन. त्यांनी जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे मागवले आणि कारकुनांकरवी हाताने हजारो सहसंबंध काढवले. त्यातून दिसलं की प्रशांत महासागराच्या एका बाजूचा दाब वर गेला की हिंदी महासागराकडचा खाली येतो, मुलांच्या सी-सॉ सारखा. पुढे १९६९ मध्ये ब्यर्कनेस यांनी याचा एल निन्योशी सांधा जुळवला. गंमत अशी, की वॉकर ज्यासाठी आले होते ते, आपल्या पावसाचं भरवशाचं भाकीत, त्यांना साधलं नाही. १९९७ मध्ये एल निन्यो प्रचंड होता आणि आपला पाऊस व्यवस्थित झाला. इथेही नियतपूर्ववृत्ती हुकते, बघा.

आता १९७२. मी तेव्हा बी.ए.ला होतो. सलग पाऊस फसलेला, विहिरींचे तळ उघडे. सुट्टीत गावाकडे गेलो तर शिक्षण आहे म्हणून मला दुष्काळी कामावर हजेरीपट लिहायला बसवलं. माझी स्वतःची चुलती समोर खडी फोडायला बसायची आणि मी तिचं नाव लिहायचो. मिलोची लाल भाकरी थापताना तुटायची, सुकडी मुलं खिशात भरून न्यायची. अन्न वाईट होतं, मजुरी उशिरा मिळायची, मुकादम पैसे खायचे, याची भांडणं मी रोज ऐकली आहेत. पण १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती, आणि १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्याच अनुभवावर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क म्हणून. शंभर वर्षांत पाऊस सुधारला नव्हता आणि माणसं दुपटीहून जास्त झाली होती.

जनावरं मात्र गेली. आमच्या दावणीची दोन बैलं छावणीतून परत आली नाहीत. आणि त्या दुष्काळात फोडलेल्या खडीच्या रस्त्यावरून पुढे बोअरवेलच्या गाड्या आल्या, हेही सांगायला हवं. पूर्वी चाळीस-पन्नास फुटांवर लागणारं पाणी आता आमच्याकडे कित्येकदा पाचशे फुटांवरही लागत नाही. माणसं वाढली हे त्यामागे आहेच, ते मी नाकारत नाही. पण आमच्या गावातली निम्मी घरं पुण्या-मुंबईला गेली, गावात माणसं कमी झाली, तरी पाणी खालीच चाललंय. राज्यात लागवडीच्या लहानशा हिश्श्यावर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा तोच पितो. मग आकाशाकडे बघायचं की चाकावर कोण बसलंय तिकडे?

आयोजक घड्याळ दाखवताहेत. ते चहावाले गृहस्थ दुसऱ्या रांगेत बसलेले मला दिसताहेत आणि त्यांचा हात वर आहे. त्यांच्यापासूनच सुरुवात करू. माइक जरा तिकडे द्या.